इथपर्यंत ठीक

आमच्या यंत्राच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ होती, जी काहीही करत नव्हती. यंत्र सुरू होताना ती "इथपर्यंत ठीक" एवढं छापायची आणि गप्प बसायची. तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत सूचना लिहिलेली होती: "काढू नका. काढली की यंत्र मरतं." का मरतं, हे विचारायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही.

ही ओळ ज्यानं लिहिली तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला सगळे ठिगळ म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. कुठे काही फाटलं की हा तिथे एक तुकडा डकवतो आणि चहाला जातो. फाटलं कशानं, हे बघायचा त्याला मनापासून कंटाळा आहे. त्याच्या वर बसतात ते आमचे साहेब. त्यांनी आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही, पण कोडबद्दलच्या स्लाइड त्यांच्याइतक्या सुबक कुणी करत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंट तरी लागतो. साहेबांना प्रोजेक्टर पुरतो.

आता उरले मी. माझ्या माघारी ऑफिस मला खाष्ट सासू म्हणतं. मी मुळात सून आहे, आणि घरी माझ्याहून खाष्ट सासरे आहेत, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नाही.

आम्ही श्वासाची यंत्रं बनवतो. ज्यांच्या छातीत स्वतः पुरेशी हवा ओढायची ताकद उरलेली नाही, त्यांनी झोपताना नाकातोंडावर मास्क लावायचा आणि यंत्रानं हवा आत ढकलायची. या यंत्राच्या पोटात एक लहान कॉम्प्युटर असतो, आणि त्या कॉम्प्युटरचा कारभारी म्हणजे कर्नल. मेमरीतली कुठली जागा कुणाला द्यायची, कुठला पत्ता कुणाचा, हे सगळं तो ठरवतो. कारभाऱ्याचंच डोकं फिरलं तर यंत्र दगावतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागतं. तेवढा वेळ पंखा बंद असतो. धडधाकट माणूस दचकून मास्क ओढून काढतो आणि कंपनीला शिव्या घालतो. धडधाकट नसलेल्या माणसाचं काय, यावर साहेबांची स्लाइड नाही.

मेमरीची चिप पुरवणारा बदलला आणि आमची दशा सुरू झाली. नव्या बोर्डांवरची यंत्रं मधूनच मरायला लागली. मरताना यंत्र एक अहवाल मागे ठेवतं, त्यात शेवटी कोण काम करत होतं त्याचं नाव असतं. एकदा त्यात स्क्रीनवाल्याचं नाव आलं. स्क्रीनवाल्याला मीटिंगमध्ये उभं करून सोलला. पुढच्या वेळी घड्याळाचं नाव आलं. मग घड्याळवाल्याला सोलला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तेही रांग लावून. दर वेळी नाव वेगळं येतंय म्हणजे हे सगळे मार खाणारे आहेत, मारणारा तिसराच कुणीतरी आहे, इतकं साधं कुणाच्या डोक्यात येईना. मी म्हटलं, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा निगेटिव्ह बोलता."

मग ठिगळनं आपली विद्या काढली. यंत्र नेमकं कुठे मरतं हे कळावं म्हणून तो कर्नलमध्ये जागोजागी छापायच्या ओळी घालत सुटला. "इथे आलो", "इथेही आलो", "अजून जिवंत". त्यातलीच एक "इथपर्यंत ठीक". ती घातली आणि यंत्र मरायचं थांबलं. काढली की मरे, घातली की जगे. कुठल्याही शहाण्या माणसाच्या अंगावर हे बघून काटा आला असता. आमच्याकडे टाळ्या वाजल्या.

"बग सुटला," साहेब म्हणाले.

"सुटला नाही, लपला," मी म्हणाले. "ती ओळ घातल्यानं कर्नल थोडा लांब झाला, पुढचं सगळं थोडं सरकलं. जो घाव वर्मी बसत होता तो आता दुसरीकडे कुठेतरी बसतोय."

"पण वर्मी बसत नाही ना?"

"नाही."

"मग फरक काय, मॅडम?"

ठिगळ मान डोलावत होता. कोंबडं झाकून ठेवलं की उजाडत नाही, असा या दोघांचा पक्का समज. त्या ओळीसकट चाचण्या झाल्या, पास झाल्या, आणि अपडेट घरोघरी पाठवायचं ठरलं.

घरी माझे सासरे. सगळं घर त्यांना अण्णा म्हणतं. अण्णांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि जन्मभर जगाला नापास केलं. त्यांच्या मते माझं काम म्हणजे बटणं दाबणं. आता त्यांच्या छातीचे स्नायू थकलेत आणि संधिवातानं बोटं अशी वळलीत की चमचाही धरवत नाही. जीभ मात्र शाबूत आहे. दुपारी आणि रात्री मास्क लावल्याशिवाय त्यांना झोपता येत नाही, आणि स्वतःच्या हातानं मास्क लावता येत नाही की काढता येत नाही. ते काम सासूबाई करतात. नवरा नोकरीनिमित्त परगावी. त्याचा काळजीचा फोन दर रविवारी येतो.

अण्णांचं जुनं यंत्र फार घुरघुर करतं, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मीच ऑफिसातून नवं आणलं. नव्या बोर्डाचं, चाचणीतलंच, ठिगळच्या ओळीसकट. त्यातलं एकही मरत नव्हतं, म्हणून मीही डोळेझाक केली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना नवी यंत्रं आधी मिळतात, यालाही साहेबांनी काहीतरी गोंडस नाव दिलेलं आहे.

ठिगळच्या ओळीची गोष्ट मी जेवताना सांगितली, तेव्हा अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. सासूबाईंनी पाठ चोळली आणि माझ्याकडे डोळे वटारले. तेव्हापासून कुणीही "कसे आहात, अण्णा?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "इथपर्यंत ठीक." डॉक्टरांनाही तेच. डॉक्टरांना वाटलं म्हाताऱ्याला अध्यात्माची ओढ लागली.

एका दुपारी मी त्यांच्या खोलीत मशीनची नळी तपासत होते. सासूबाईंनी नुकताच मास्क लावला होता. आतून घोगरा आवाज आला, "सूनबाई, तुमच्या त्या कुंभकर्णाच्या बहिणीला मिशी फुटली आहे, बघितलंस का?"

यंत्राची स्क्रीन थोडा वेळ कुणी हात लावला नाही की कंपनीचं चित्र दाखवते. उशीवर गाल टेकून गोड हसत झोपलेली एक बाई. ते चित्र कर्नलच्याच पोटात ठेवलेलं असतं. मी वाकून बघितलं. बाईच्या ओठांवर खरंच एक आडवा करडा पट्टा उमटला होता.

"आठवडाभर आहे. मास्क लावला की थोड्या वेळानं फुटते," अण्णा म्हणाले. "म्हटलं, तुम्हा लोकांना दिसत असेल. तुमचंच यंत्र."

मी म्हटलं स्क्रीन खराब असेल. पण पट्टा स्थिर नव्हता. तो उजळत होता, काळवंडत होता, पुन्हा उजळत होता. मी स्क्रीनकडे बघितलं, मग अण्णांच्या छातीकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. छाती वर गेली की पट्टा उजळे. खाली आली की काळवंडे.

"अण्णा, जरा श्वास रोखता?"

"कशाला? सराव करून घेतेस माझ्याकडून?"

"क्षणभर फक्त."

त्यांनी रोखला. मिशी जिथल्या तिथे थांबली. त्यांनी सोडला आणि मिशी हलली.

अण्णांचा श्वास त्या बाईच्या तोंडावर लिहिला जात होता. मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, "आई, चोर सापडला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सरळ मेमरीच्या नकाशाची फाईल उघडली. कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत खरोखरची मेमरी आहे, हे कर्नलला त्या फाईलमधून कळतं. ही फाईल वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नव्हती, कारण आमच्याकडे अलिखित नियम आहे: ज्यानं शेवटचा हात लावला, पाप त्याच्या गळ्यात. बदल केला की तिथे आपलं नाव लागतं, आणि मग पुढे काहीही बिघडलं तरी मीटिंगमध्ये तेच नाव पुकारलं जातं. त्यामुळे जी फाईल सगळ्यात महत्त्वाची, तिला कुणी शिवत नाही. चिप बदलली, पुरवठादार बदलला, बोर्ड बदललं, नकाशा तोच राहिला.

जुनी मेमरी सलग होती. एकच सरळ गल्ली, घराला लागून घर. नवी मेमरी तेवढीच, पण दोन तुकड्यांत. पहिली गल्ली संपते, मग मोकळं मैदान, मग पलीकडे दुसरी गल्ली. आमच्या जुन्या नकाशात मैदान नाहीच. श्वास मोजणाऱ्या सेन्सरला आकडे टाकायला जी जागा दिली होती, ती नेमकी पहिल्या गल्लीच्या टोकाला सुरू होत होती आणि उरलेली पलीकडच्या गल्लीत होती. कर्नलला ती सलग दिसे. सेन्सर बिचारा आज्ञाधारक. पहिला पत्ता मिळाला की नाकासमोर चालत आकडे टाकत जातो. गल्ली संपली तरी तो चालतच राही. आणि या चिपची खोड अशी की टोकाच्या पुढे गेलेला फिरून पुन्हा गल्लीच्या तोंडाशीच येतो. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर कुणाचं? खुद्द कर्नलचं. रोज अण्णांचे श्वास कारभाऱ्याच्याच घरात दगडासारखे भिरकावले जात होते. ठिगळच्या ओळीनं घरातलं सामान थोडं सरकलं आणि दगड पडायच्या जागी आला बाईचा फोटो.

म्हणजे जोवर बाईला मिशी होती, तोवर अण्णा सुरक्षित होते. ती मिशी गेली, तर मात्र दगड पुन्हा कुणाच्या तरी डोक्यात बसणार होते.

जाता जाता आणखी एक रत्न सापडलं. भरकटलेले आकडे जागेवर पोचत नसल्यामुळे श्वासाचा आलेख मधेच सपाट होत होता. हे एकाला दिसलं होतं. त्यानं काय करावं? सपाट भागावर गुळगुळीत वळण काढून देणारा तुकडा डकवला. खाली नाव ठिगळचं.

"हे तू केलंस?" मी त्याला विचारलं.

"आलेख वाईट दिसत होता, मॅडम."

"आलेख वाईट दिसत होता, कारण माणसाचा श्वास हरवत होता."

"तक्रार फक्त दिसण्याची होती," तो म्हणाला आणि मान खाली घातली. मला त्याला बोलायचं होतं, पण त्याच्यावर शब्द खर्च करायचीही इच्छा उरली नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी साहेबांच्या मीटिंगमध्ये घुसले. ठिगळ लॅपटॉप उघडून बसला होता, भिंतीवर "यशस्वी वाटचाल" अशी स्लाइड होती. मी गल्ली, मैदान, सगळं सांगितलं. साहेबांनी ते अतिशय समंजस चेहऱ्यानं ऐकलं. याचा अर्थ त्यांना काही कळलं नव्हतं.

"नकाशाला हात लावायचा म्हणजे सगळ्या चाचण्या पहिल्यापासून," ते म्हणाले.

"मग करा पहिल्यापासून."

"चित्रावर चार ठिपके आले म्हणून?"

"ते ठिपके नाहीत. तो माझ्या सासऱ्यांचा श्वास आहे."

"मॅडम, भावना समजतो. पण पुरावा?"

मला हेच हवं होतं. अण्णांची दुपारची झोपायची वेळ होती. मी घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. सासूबाईंनी उचलला.

"आई, अण्णांनी मास्क लावलाय?"

"मघाशीच. का गं?"

"त्या चित्रातल्या बाईला मिशी आहे ना, ती जरा नीट सांगा मला कशी दिसते. इथे सगळे ऐकताहेत."

"तेच सांगणार होते तुला. मिशी गेली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागून मास्कमधला घोगरा आवाज आला, "सांग तिला, कंपनीला अक्कल आली एकदाची! बाई स्वच्छ! सकाळी काहीतरी नवीन आलं यंत्रात, आपोआप बंद होऊन सुरू झालं."

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बघा! अपडेट आज सकाळपासून कर्मचाऱ्यांच्या घरी जायला लागलंय. मी म्हटलं, चांगल्या कामाला उशीर कशाला. आणि तुमचा प्रॉब्लेम सुटलासुद्धा."

मी ठिगळकडे वळले. "अपडेटमध्ये तुझी ओळ आहे?"

"आहे ना. चाचणीत होतीच."

"चाचणीत नाही. घरी जाणाऱ्यात."

घरी पाठवायची आवृत्ती बनते तेव्हा छापायच्या सगळ्या ओळी आपोआप गाळल्या जातात. सफाई म्हणतात त्याला. सफाई करणाऱ्या कोडला "काढू नका" वाचता येत नाही. हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ओळीसकट चाचणी करून ओळीशिवाय माल पाठवताना एकालाही ते आठवलं नाही.

"त्या गळतात," ठिगळ म्हणाला.

"आई," मी फोनवर ओरडले, "अण्णांचा मास्क काढा. आत्ता!"

"अगं, आत्ता तर लावला. ते ओरडतील मला."

"काढा म्हणते ना!"

त्याच क्षणी फोनमधून पंखा बंद पडल्याचा आवाज आला. आवाज कसला, घरात जो सततचा सूं असतो, तो नाहीसा झाला. मग यंत्राचा भोंगा. हा भोंगा आम्हीच निवडलाय, तीन नमुने ऐकून, याच टेबलाभोवती बसून. त्याच्या मागे एक घुसमटलेला आवाज येत होता आणि पलंगावर काहीतरी आपटत होतं. ते अण्णांचे हात होते. मास्क पकडता न येणारे हात.

"पट्टा मागून, आई! मागचा पट्टा ओढा!"

"निघत नाहीये गं, केसांत अडकलाय..."

मला काहीच करता येत नव्हतं. इतकी वर्षं मी या लोकांना मूर्ख म्हणत आले, आणि त्या घटकेला माझं शहाणपण टेबलावरच्या त्या फोनइतकंच उपयोगी होतं. साहेब म्हणाले, "स्पीकर जरा बंद करता का?" मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ठिगळ उठला होता. परवानगी, मीटिंग, कशाचीही वाट न बघता त्यानं लॅपटॉप ओढला आणि सगळ्या घरांकडे चाललेलं अपडेट थांबवलं. "ज्यांच्याकडे गेलंय त्यांना फोन करतो," तो म्हणाला आणि बाहेर पळाला. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पळताना बघितलं.

फोनमध्ये काहीतरी खळ्ळकन जमिनीवर पडलं. मग खोकला. लांब, ओला, न संपणारा खोकला. मग सासूबाईंचं रडणं, आणि त्या रडण्यावर त्यांना गप्प करणारा एक बारीक, चिडका आवाज.

"आई, जुनं यंत्र माळ्यावर आहे. शेजाऱ्यांना हाक मारा, ते काढून देतील. तोवर अण्णांना बसतं ठेवा. मी निघालेच."

साहेब घसा खाकरून फोनकडे वाकले. अशा प्रसंगी काय बोलावं याची स्लाइड त्यांना बहुधा आठवत असावी. "आजोबा, नमस्कार. मी कंपनीतून बोलतोय. कसे आहात आता?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. नुसत्या छातीच्या जोरावर चाललेला.

"इथपर्यंत ठीक," अण्णा म्हणाले.

मीटिंगमधल्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. मी भिंतीवरच्या स्लाइडखाली उभ्या उभ्या, ठिगळच्या लॅपटॉपवर पण माझ्या नावानं, नकाशाची फाईल उघडली, पहिली गल्ली जिथे संपते तिथे संपवली, मैदान मैदान म्हणून लिहिलं, आणि सेन्सरची जागा पलीकडे एका सलग तुकड्यात नेली. बदलापुढे माझं नाव लागलं. मग ठिगळची ती ओळ शोधून काढून टाकली आणि घरी जायला निघाले.